अण्णांची दोनशेची नोट

‘आम्ही ठाण्यात चरईत राहतो. माझे सासरे, अण्णा, वय ६८, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त. मधुमेह १९ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना लेझर केलं. गेल्या वर्षी उजव्या डोळ्यात सूज म्हणून दोन इंजेक्शनं झाली, फरक दिसेना म्हणून तिसरं घेतलं नाही. सहा-सात महिन्यांपासून त्यांचं काहीतरी बिनसलंय. जांभळी नाक्यावर कोथिंबिरीच्या जुडीला वीसऐवजी दोनशेची नोट देऊन आले, तेही दोनदा. पेपर वाचणं सोडलं. मागच्या महिन्यात संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला गेले आणि येताना भलत्याच गल्लीत वळले. ओळखीच्या एकांनी घरी आणून सोडलं तेव्हा घामाने डबडबलेले, चिडलेले, विचारलं त्याला धड उत्तर नाही. दुपारी बाराला जेवले होते, चारला बिनसाखरेचा चहा, बस. भाकरी-भाजी खाल्ल्यावर तासाभराने पूर्ववत. शिवाय नातवाला सांगतात की भिंतीवर ठिपक्यांची रांगोळी दिसते. आमच्या ह्यांना फॉरवर्ड आलाय: मधुमेहाने डोळे बिघडलेल्यांच्या मेंदूतली जोडणी तुटते, हे एमआरआयमध्ये सिद्ध झालंय. घोडबंदर रोडला एका सेंटरमध्ये ‘ब्रेन कनेक्टिव्हिटी’चं पॅकेज आहे. ते करून घ्यावं का? हा डिमेन्शिया आहे का? सोसायटीची खजिनदारी आणि बाजारहाट तूर्त आम्ही त्यांच्याकडून काढून घेतलंय. सोबत औषधांची यादी जोडते.’
– एक सून, ठाणे

ताई, तुम्ही विचारलंत मेंदूच्या जोडणीबद्दल, आणि त्यावर मी बोलणारच आहे. पण पत्र वाचताना मी अडले ती त्या घामापाशी. म्हणून आधी तो.

बाराचं जेवण, मग नुसता चहा, वर चालणं, आणि मग घाम, चिडचिड, असंबद्ध बोलणं. खाल्ल्यावर माणूस पुन्हा जागेवर. डिमेन्शिया काही भाकरी खाऊन तासाभरात उतरत नाही. हे शुगर लो झाल्याचं चित्र आहे. तुमच्या यादीत ग्लिमेपिराइड दोन वेळा आहे आणि डोस वर्षानुवर्षं तोच दिसतोय. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. माणूस जेवलाय की उपाशी आहे, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यात ज्यांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्या आहेत, त्यांच्या मूत्रपिंडातल्याही पुष्कळदा बिघडलेल्या असतात. मूत्रपिंड मंदावलं की गोळीचा आणि इन्शुलिनचा, दोन्हींचा मुक्काम शरीरात लांबतो. पाच वर्षांपूर्वी सोसणारा डोस आज जड जातो तो असा.

तेव्हा हे पान वाचून झाल्यावर पहिला फोन तुमच्या फिजिशियनला. त्यांना ही संध्याकाळ जशीच्या तशी सांगा आणि मूत्रपिंडाचं काम कळण्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं का ते विचारा. गोळी स्वतःच्या मनाने कमी किंवा बंद करू नका. ते डोस ठरवेपर्यंत चारच्या चहाबरोबर दोन घास पोटात जाऊ द्या. फिरायला निघण्याआधी ग्लुकोमीटरवर शुगर बघा, आणि आकडा ७०च्या खाली असेल तर पायात चप्पल घालायची नाही. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा वर आला की मग जेवण. त्या दिवशी तुम्ही भाकरी-भाजी दिलीत, माणुसकीने दिलीत, पण पीठ पचून साखर रक्तात यायला वेळ लागतो. पेढ्याचंही तेच, त्यातलं तूप साखरेला अडवून धरतं. अशा वेळी साधी साखरच कामाची. आणि कधी शुद्धच हरपली तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

यावर इतका वेळ घालवला, कारण मेंदूची काळजी असेल तर पहिला पहारा इथेच हवा. टाइप २ मधुमेहाच्या सोळा हजारांहून जास्त वयस्कर रुग्णांची कॅलिफोर्नियातली नोंद २००९मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना शुगर फार खाली गेल्यामुळे इस्पितळात न्यावं लागलं होतं, त्यांच्यात पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आढळलं. आपल्याकडे शुगर वाढली की घर डोक्यावर घेतात. कमी झाली तर ‘छान कंट्रोल आहे हो’ म्हणतात.

आता फॉरवर्ड. तो साफ खोटा असता तर एका ओळीत काम झालं असतं.

डोळ्याचा पडदा हा मुळात मेंदूचाच तुकडा आहे. गर्भ चौथ्या आठवड्यात असताना मेंदूच्या पुढच्या भागातून दोन फुगवटे बाहेर येतात आणि त्यांचे डोळ्यांचे पडदे होतात. प्रत्येक डोळ्यातून साधारण दहा-बारा लाख तंतूंची एक जुडी मागे जाते आणि एका थांब्यावरून तिचा निरोप डोक्याच्या पार मागच्या भागात पोचतो. पाहतो आपण तिथे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांभोवती जशी कडक राखण असते तशीच पडद्यातल्या रक्तवाहिन्यांभोवतीही असते. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ही राखण ढिली पडते, रक्तवाहिन्या पाझरतात, फुगतात, बंद पडतात. म्हणूनच पडदा तपासताना मला कधीकधी वाटतं, कवटी न उघडता मेंदूच्या अंगणात डोकावतोय.

फॉरवर्डमध्ये म्हटलेली ‘जोडणी’ मात्र वायर नव्हे. माणसाला एमआरआयच्या नळीत सहा-आठ मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात. मेंदूचा जो भाग काम करतो तिथे ताजं, प्राणवायूने भरलेलं रक्त धावतं, आणि रक्तातल्या त्या फरकाने मशीनमधला संदेश किंचित बदलतो. सेइजी ओगावा यांनी ही युक्ती १९९०मध्ये दाखवली. १९९५मध्ये भारत बिस्वाल यांच्या लक्षात आलं की माणूस स्वस्थ पडलेला असतानाही हे संदेश संथ लयीत वरखाली होत असतात, आणि एकत्र काम करणारे भाग एकाच लयीत डोलतात. या एकत्र डोलण्याला ‘जोडणी’ म्हणायचं. समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या आणि सातव्या मजल्यावरचे दिवे रोज एकाच मिनिटाला लागतात आणि मालवतात, असं तुम्हाला गॅलरीतून दिसलं, तर त्या दोन घरांचं काहीतरी नातं आहे असा तर्क तुम्ही कराल. दोघांमधली वायर तुम्ही पाहिलेली नसते.

मधुमेहाने पडदा बिघडलेल्यांच्या मेंदूचे असे अभ्यास गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच झाले, त्यांतले पुष्कळसे चीनमधल्या रुग्णालयांत. एकेका अभ्यासात माणसं थोडी, काही डझन. निरोगी लोकांच्या तुलनेत या रुग्णांमध्ये डोक्याच्या मागच्या, पाहण्याच्या भागातली हालचाल बदललेली दिसते. त्या भागाचं लक्ष देण्याच्या, आठवण्याच्या आणि हालचाल सांभाळण्याच्या भागांशी असलेलं एकत्र डोलणंही बदललेलं दिसतं. कुठे कमी, कुठे चक्क जास्त! जास्त दिसतं तिथे मेंदू डोळ्याची उणीव भरून काढायला धडपडत असावा, असा एक अंदाज. ‘तुटते’ हा शब्द फॉरवर्ड लिहिणाऱ्याचा. अभ्यासांमध्ये ‘बदलते’ एवढंच आहे.

आणि बदल कशामुळे, हा खरा गुंता. डोळ्याकडून निरोप कमी येतात म्हणून मागचा भाग मंदावला? की डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांना जे झालं तेच मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना झालं? की दोन्ही? बहुतेक अभ्यास एकदाच काढलेल्या फोटोसारखे आहेत. आधी काय घडलं हे फोटो सांगत नाही. तिसरी एक शक्यता फॉरवर्डवाल्यांच्या गावीही नसते. हे मशीन मेंदूच्या पेशी मोजत नाही, रक्ताची धाव मोजते, आणि मधुमेह आधी रक्तवाहिन्यांनाच पकडतो. बिल्डिंगचा व्होल्टेज कमी झाला तर सातव्या मजल्यावरचा दिवा मिणमिणतो. घरातली माणसं ठणठणीत असतात.

म्हणून ते पॅकेज नको. हे आकडे एका गटाची सरासरी दुसऱ्या गटाच्या सरासरीशी ताडून निघतात. एकट्या अण्णांचा स्कॅन बघून ‘यांची जोडणी इतकी कमी, म्हणून यांना डिमेन्शिया’ असं सांगण्याजोगी रेघ आज कुणाकडेच आखलेली नाही. रंगीत चित्रांची फाइल मिळेल, आणि फाइल घरात आली की तिच्यावरून भांडणं होतील. पुढे न्यूरॉलॉजिस्टना लहानसा झटका किंवा मेंदूचं आकसणं तपासावंसं वाटलं तर ते साधा एमआरआय लिहून देतील. त्याचा उपयोग असतो. तो वेगळा.

डोळा आणि स्मरणशक्ती यांचा काहीच संबंध नाही, असंही मी म्हणत नाहीये. अमेरिका-कॅनडात सुमारे तीन हजार मधुमेहींवर झालेल्या ‘अकॉर्ड माइंड’ अभ्यासात, ज्यांचे पडदे आधीच बिघडलेले होते त्यांची बुद्धीच्या चाचण्यांमधली घसरण पुढच्या चाळीस महिन्यांत सरासरीने जास्त वेगाने झाली. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुमच्या यजमानांना जरूर ऐकवा, कारण पुढचा फॉरवर्ड ‘शुगर एकदम खाली आणा’ असाच येणार. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, सहाच्या खाली नेण्याचा चंग बांधून उपचार केलेल्यांचा मेंदू थोडा कमी आकसला, पण स्मरण आणि लक्ष यांच्या चाचण्यांत त्यांना काडीचा फायदा झाला नाही. आणि हा अभ्यास ज्याचा भाग होता त्या मूळ, मोठ्या ‘अकॉर्ड’ अभ्यासातला हा कडक उपचार २००८मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण त्या गटात मृत्यू जास्त होत होते. अण्णांच्या वयाला, त्यात शुगर लो होत असेल तर, बरेच डॉक्टर साडेसात-आठच्या आसपासचा आकडा चालवून घेतात. शिवाय साखर फार झपाट्याने उतरवली तर पडदा काही काळ उलट बिघडू शकतो.

आता नोट. हा भाग माझ्या आवडीचा आहे, कारण इथे मी अण्णांच्या बाजूची वकील आहे.

दोनशेची नोट भडक पिवळी. वीसची नवी नोट हिरवट पिवळी. मधुमेहात पडदा बिघडताना रंगांची जी ओळख पहिल्यांदा पुसट होते ती निळ्या-पिवळ्या बाजूची. त्यात जांभळी नाक्याची गर्दी, डोक्यावर भाजीवाल्याचा पांढराशुभ्र दिवा आणि मागे घाई करणारी बाई. माझे डोळे धड असून मी स्वतः एका रिक्षावाल्याला वीसच्या जागी दोनशे दिलेत. त्या भल्या माणसाने परत केले. मला कुणी डिमेन्शियाचं विचारलं नाही. अण्णा पैशांचा हिशोब विसरले असते तर नोट बरोबर दिली असती आणि सुट्ट्यात घोळ घातला असता. त्यांनी किती द्यायचे हे बरोबर ठरवलं, हातात नोट चुकीची आली.

त्यांना बोटांनी ओळखायला शिकवा. वीसची नोट १२९ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, म्हणजे एकावर एक ठेवली तर जवळजवळ पाऊण इंच बाहेर डोकावते. दोनशेच्या दोन्ही कडांना उंचवट्याच्या चार तिरप्या रेघा आणि मधे दोन गोल असतात. वीसला तसलं काही नाही. नोट फार वापरलेली असेल तर रेघा झिजतात, पण लांबी झिजत नाही. रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं अ‍ॅप २०२०पासून आहे, फोन नोटेवर धरला की ती कितीची ते बोलून सांगतं. किंवा सगळ्यात सोपं: पाकिटाचे दोन कप्पे, शंभरच्या वरच्या नोटा मागच्या कप्प्यात.

वाट चुकण्यामागे लो शुगर असावी हे वर आलंच. त्यात लेझरचीही भर पडली असेल. लेझर करताना आपण पडद्याचा कडेचा भाग भाजून मधला भाग वाचवतो. सौदा फायद्याचा असतो, पण त्याची किंमत अंधारात आणि कडेच्या नजरेत चुकवावी लागते. तिन्हीसांजेला दिवे लागायच्या आधीच्या वीस मिनिटांत अशा माणसांना सगळ्यात कमी दिसतं. लेझर फसलं असा त्याचा अर्थ नाही. फेरी साडेपाचला सुरू करून उजेडात संपवा. तलावपाळी बंद मात्र करू नका.

राहिली भिंतीवरची रांगोळी. ती त्यांनी तुम्हाला न सांगता नातवाला सांगितली, यातच सगळं आलं. नजर कमी झालेल्या माणसांना जाळ्या, ठिपके, नक्षी, कधी चेहरे, कधी ठेंगणी माणसं दिसतात. शार्ल बॉने या स्विस विद्वानाने १७६०मध्ये आपल्या मोतीबिंदू झालेल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं, म्हणून या त्रासाला त्याचं नाव आहे. डोळ्याकडून निरोप येईनासे झाले की मागचा, पाहण्याचा भाग रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रं काढतो. १९९८मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा रुग्णांना चित्रं दिसत असतानाच त्यांचे स्कॅन घेतले. ज्याला रंग दिसत होते त्याच्या मेंदूतला रंगाचा भाग जागा झालेला होता, ज्याला चेहरे दिसत होते त्याचा चेहऱ्यांचा. तुमच्या ‘जोडणी’चा अण्णांच्या घरात दिसलेला पुरावा म्हणाल तर तो हाच. याला वेड म्हणत नाहीत. माणसाला बहुधा कळत असतं की हे खरं नाही. अण्णांना एकदा निवांत विचारा, ‘रांगोळी कशी दिसते हो?’, आणि सांगा की डॉक्टरबाईंना ओळखीची आहे. अनेकांचा निम्मा त्रास एवढ्यानेच जातो. पापण्यांची उघडझाप केली, नजर इकडून तिकडे फिरवली, खोलीत उजेड केला तर चित्र पुष्कळदा विरतं. चित्रं बोलायला लागली, किंवा ती खरीच आहेत असं अण्णा ठामपणे म्हणू लागले, तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा.

पण रांगोळी वेगळी आणि अचानक काळे ठिपके, कोळिष्टकं, लखलखाट किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं वेगळं. ते डोळ्यात रक्त उतरल्याचं किंवा पडदा सुटल्याचं लक्षण असतं. तसं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही.

तिसऱ्या इंजेक्शनाबद्दल मला थोडं रागावून लिहावंसं वाटतंय, पण रागावू कोणावर! पडद्याच्या मधोमध आलेली सूज दोन इंजेक्शनांत क्वचितच आवरते. सुरुवातीला दर महिन्याला एक असं चालतं, आणि पहिल्या वर्षात नऊ-दहा लागणं हे मोठ्या अभ्यासांतलं नेहमीचं चित्र आहे. हे पहिल्याच दिवशी कुणी नीट सांगितलं नाही तर घरच्यांना दोनानंतर फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पॅकेजसाठी बाजूला काढलेले पैसे इथे लावा. आधी ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो. सूज किती आहे ते त्यात कळेल. खर्च झेपत नसेल तर बेव्हॅसिझुमॅब हे त्यातल्या त्यात स्वस्त औषध तुमच्यासाठी चालेल का ते विचारा, किंवा कळव्याच्या महापालिका रुग्णालयात वा भायखळ्याला जे. जे.मध्ये नेत्रविभागात जाऊन या. मोतीबिंदू आलाय का तेही बघू द्या. पेपर सुटला तो बहुतेक या सुजेपायी. अक्षरं वाकडी दिसत असतील, मधली गाळली जात असतील, आणि अण्णांच्या पिढीचे लोक ‘दिसत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘वाचण्यासारखं आहे काय त्यात’ असं म्हणतात. २०२४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत उपचार न केलेल्या कमी नजरेची भर घातली. मधुमेह त्या यादीत आधीपासून होता.

हे सगळं केल्यावरही विसरभोळेपणा उरला तर स्मरणशक्तीची चाचणी जरूर करा. त्याआधी बी-१२ तपासून घ्या, कारण यादीत मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळीही आहे आणि ते वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ उतरतं. थायरॉइड आणि कानही बघून घ्या. चाचणी घेणाऱ्याला आधीच सांगा की यांना नीट दिसत नाही, तेव्हा घड्याळ काढा, चित्र ओळखा, हे प्रश्न वगळून कानाने ऐकून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. नाहीतर डोळ्याचे मार्क मेंदूच्या खात्यात कापले जातात. मी हे होताना पाहिलंय.

खजिनदारी काढून घेतलीत ती काळजीपोटी, हे मला समजतं. पण जो माणूस कालपर्यंत चोवीस बिऱ्हाडांचा हिशोब ठेवत होता त्याला आज कोथिंबीर आणण्याइतकाही विश्वास उरला नसेल तर तो गप्प बसणारच, आणि मग तुम्ही म्हणणार, बघा, गप्प गप्प असतात. पावतीपुस्तक परत द्या. जाड काळ्या पेनाने लिहू दे, शेजारी मोठ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर, टेबलावर मागून डाव्या बाजूने येणारा दिवा. नातवाला मदतनीस नेमा, दोघांची गट्टी दिसतेच आहे.

दोन आठवडे शुगरची वही ठेवा आणि मला पाठवा. सकाळचे आकडे नसले तरी चालतील, संध्याकाळी पाच ते सातमधले सगळे हवेत.